पंचवीस वर्षांनी वाईला

या नोव्हेंबरात छापखान्यात प्रुफं वाचायला लागून मला पंचवीस वर्षं झाली. कामावर पेढे वाटले, शाल मिळाली, जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. मला मात्र एक दिवस वाईला जायचं होतं. शब्दाबद्दल शंका आली की उठून ज्या कपाटाकडे जाते, त्यात मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. ते घडले वाईत. इतक्या वर्षांत पाचगणी-महाबळेश्वरला जाताना वाई कितीदा लागलं, पण एकदाही उतरले नव्हते.

शनिवारी पहाटे सहाला आई आणि मी स्वारगेटवरून महाबळेश्वरच्या एसटीत बसलो. वाई पुण्याहून नव्वदेक किलोमीटर. महाबळेश्वरच्या गाड्या वाईवरूनच जातात, त्यामुळे थेट वाईच्या गाडीसाठी खोळंबू नका. निघायचं मात्र पहाटेच. शनिवारी ऊन चढलं की खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागते. स्वतःची गाडी असेल तर घाट उतरल्यावर सुरूर फाट्याला उजवीकडे वळा. नऊच्या आत आम्ही वाईच्या स्टँडवर होतो. पोहे-चहा घेतला आणि रिक्षाने गणपती आळीत गेलो.

ढोल्या गणपतीचं देऊळ नदीच्या अगदी कडेला आहे. 1762 साली गणपतराव रास्ते यांनी ते बांधलं. एकाच दगडातली ती अवाढव्य मूर्ती पाहून आई हात जोडून बराच वेळ उभी राहिली. दर्शन झालं की तसंच परतू नका, देवळाला वळसा घालून मागची भिंत पाहा. ती सरळ नाही, माशाच्या आकाराची निमुळती बांधलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. अडीचशेहून अधिक वर्षं देऊळ असे पूर अंगावर घेत उभं आहे. मी त्या दगडांवरून हात फिरवला. दर्शनाच्या रांगेतून ही भिंत दिसतही नाही, तरी बांधणाऱ्यांनी सगळी अक्कल तिथे ओतली आहे. मला ते फार जवळचं वाटलं.

शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या देवळातला नंदीही चुकवू नका. काळ्या दगडात त्याच्या गळ्यातल्या माळा इतक्या नेटक्या कोरल्या आहेत की मणी मोजता येतात.

गावात नदीकाठाने सात घाट आहेत, आणि हिवाळ्यात कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर पाळीपाळीने होतो. सगळे घाट पायी बघायचे तर दोन तास हाताशी ठेवा. आईला गुडघ्यांमुळे एवढं चालवत नाही, म्हणून आम्ही गणपती घाटावरच बसलो. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. वयस्कर माणूस बरोबर असेल तर वरच्या पायऱ्यांवरच बसावं. नदी तिथूनही छान दिसते.

मग मी गंगापुरीत विश्वकोशाच्या कचेरीकडे गेले. ती बंद होती. सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुटी असते, हे निघायच्या आनंदात मी विसरले. तुम्हाला आतून पाहायची असेल तर मधल्या वारी या आणि आधी फोन करा. मी बाहेर उभी राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पोरवयात धुळ्याकडून या गावात प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि इथलेच झाले. पुढे विश्वकोशाचं प्रमुख संपादकपद त्यांच्याकडे आलं. पहिला खंड निघाला 1976 साली. अकारविल्हे लावलेल्या त्या नोंदींतलं एकेक वाक्य कुणीतरी तपासलं असणार, ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं असणार. त्या अनाम वाचणाऱ्यांना मी मनात नमस्कार केला. आता या नोंदी इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतात, तरी मी अजून कपाटाकडेच जाते.

दुपारी जेवून मेणवलीला गेलो. वाईहून तीनेक किलोमीटर. रिक्षा जाऊन-येऊन ठरवावी आणि थांबायचे पैसे आधीच बोलून घ्यावेत, परतीला तिथे रिक्षा सहज मिळत नाही. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आहे. पुण्याच्या कारभारातून इथे यायला नानांना किती दिवस मिळत असतील, असं त्या पायऱ्यांवर बसल्यावर मनात येतं. मेणेश्वराच्या देवळाजवळ मोठी घंटा आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू दिसतात. 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी देवळांत आल्या, त्यांतली ही एक. आईने चष्मा लावून ती जवळून पाहिली आणि म्हणाली, "लेकरू कडेवर आहे, आईच ती."

वेळ उरत असेल तर पुढे धोमचं नरसिंहाचं देऊळ आहे. आम्ही गेलो नाही, मेणवलीच्या घाटावरून आईला उठवावंसं वाटेना. साडेचारला निघालो. पाचगणीहून उतरणाऱ्या गाड्या वाईला येईपर्यंत भरलेल्या असतात, म्हणून परतीचं आरक्षण सकाळीच करून ठेवा. आम्ही केलं नव्हतं. सुरूरपर्यंत उभं राहिलो, मग एका मुलाने आईला जागा दिली. ती खिडकीशी झोपली. सोमवारी वाचायच्या प्रुफांचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता, तो मी दिवसभर उघडलाच नव्हता.