हेप्टनस्टॉलच्या खिडक्या

आज इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या हेब्डन ब्रिजला ट्रेनमधून उतरून, वर डोंगरावरच्या हेप्टनस्टॉल गावाचा तो दगडी चढ पायीच चढलो. निम्म्यात बोलती बंद! बायको म्हणाली, "यापेक्षा जेजुरी परवडली."

गाव सगळं काळपट. दगड मुळात पिवळसर, पण खालच्या गिरण्यांच्या धुराने काजळी धरलेला, ती अजून गेलेली नाही. मी मात्र अडकलो विणकरांच्या घरांपाशी. घर एवढंसं, पण वरच्या मजल्यावर एकाला एक लागून अरुंद खिडक्यांची लांबच लांब रांग, मध्ये फक्त दगडाच्या उभ्या पट्ट्या. हातमाग वर असायचा ना, त्याला दिवसभर उजेड हवा! सोलापूरला आजोबांचा माग खड्ड्यातला, जमिनीलगत. इथे तोच माडीवर.

छपराला कौलं नाहीत, दगडाच्या चिपाच. वळचणीला मोठ्या, आढ्याकडे लहान लहान होत गेलेल्या. मान दुखेपर्यंत बघत होतो.

सोळाव्या शतकातला क्लॉथ हॉल, म्हणजे कापडबाजाराची इमारत, १७६४चं अष्टकोनी चॅपल, दोन्ही बाहेरूनच पाहिली, कारण पाऊस. अर्थातच.

एका खिडकीत, जिथे कधीकाळी माग असेल, तिथे एक जाडजूड मांजर लोळत होतं. उजेड त्यालाही लागतोच.