घरघर डावीकडची, कान उजवीकडं

बाबांनी २००८ मध्ये घेतलेली आमची छोटी पेट्रोल गाडी गेल्या पावसाळ्यानंतर घुमायला लागली. ताशी ४० च्या पुढं काटा गेला की घरघर सुरू व्हायची आणि ६० ला शेजारच्या माणसाशी मोठ्यानं बोलावं लागायचं. मी शाळेसाठी रोज सातारा-कोरेगाव करते. संध्याकाळी घरी पोचल्यावरही तो आवाज कानात राहायचा. त्याच सुमारास यवतेश्वरचा घाट चढताना गिअरच्या दांड्याला थरथर जाणवू लागली. मी दोन्ही एकाच दुखण्याची लक्षणं धरली आणि गॅरेजमध्ये जाऊन एवढंच सांगितलं, "गाडी आवाज करते आणि व्हायब्रेट होते."

एवढ्यावरून कुणालाही काही कळणार नव्हतं. पहिल्या गॅरेजवाल्यानं चक्करसुद्धा न मारता पुढचे दोन्ही टायर बदलायला लावले. दुसऱ्यानं, आवाज उजवीकडून येतोय असं मीच ठासून सांगितल्यामुळं, उजव्या चाकाचं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं ते गोळ्यांचं कडं) नवं टाकलं. पैसे गेले, घरघर तिथंच. नंतर कळलं की टायरचा संशय असेल तर आधी पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं लावून बघायचं. आवाज मागं सरकला तर दोष टायरचा. याला फार तर शंभर-दोनशे रुपये मजुरी लागली असती.

मग रविवारी सकाळी धाकट्या भावाला वही देऊन शेजारी बसवलं. रस्ता मोकळा होता. आवाज नक्की कधी येतो आणि कधी येत नाही, एवढंच लिहायचं ठरवलं.

६० च्या वेगात क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. इंजिन शांत झालं, घरघर मात्र तशीच राहिली आणि गाडीचा वेग उतरला तशी तीही उतरली. म्हणजे आवाज इंजिनाचा नव्हता, चाकांच्या फिरण्याशी बांधलेला होता. तोच वेग तिसऱ्या गिअरमध्ये धरला, मग चौथ्यात. काही फरक नाही. ब्रेक हळूहळू दाबला तेव्हा पेडलला किंवा स्टिअरिंगला धक्के आले नाहीत, म्हणून डिस्कवरचा संशय गेला. ८० ला स्टिअरिंग थरथरलं नाही, म्हणून चाकांचं वजन सगळीकडं सारखं नसण्याचा, म्हणजे बॅलन्सिंगवरचाही गेला. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली; एक्सलच्या जॉइंटची कटकट येते का ते ऐकलं, आली नाही. आता राहिली वळणं. लांब, सौम्य उजव्या वळणावर घरघर एकदम चढली. डाव्या वळणावर जवळजवळ बंद पडली. भावानं वहीत लिहिलं, "उजवं चाक". मलाही तेच वाटलं, पण उजवं बेअरिंग तर नवं कोरं होतं.

ती वही घेऊन करंजे भागातल्या एका जुन्या मिस्त्रींकडं गेले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी पान शांतपणे वाचलं आणि विचारलं, "ताई, एसटीत उभ्या हाय, गाडी उजवीकडं वळली, तर तुम्ही कुनीकडं कलंडता?"

"डावीकडं."

"मग गाडीचं वजन बी तिकडंच जातंय. उजव्या वळणाला दाब डाव्या चाकावर. वरडतंय ते डावं."

"पण तात्या, आवाज उजवीकडून येतो."

"काच कुठली उघडी असती तुमची?"

माझी, ड्रायव्हरच्या बाजूची, उजवीकडची. चाकाचा हादरा पत्र्यातून गाडीभर पसरतो, त्यातून कान माझे उजव्या खिडकीशी. इतके दिवस मी आवाज खिडकीतून ऐकत होते आणि दिशाही खिडकीचीच सांगत होते.

तात्यांनी मागच्या चाकांना दगड लावले, पुढची बाजू जॅकवर घेतली आणि खाली स्टँड दिले. डावं चाक वर-खाली धरून हलवलं, पण त्यात खेळ, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. मला वाटलं, हेही बेअरिंग चांगलंच निघालं. तात्या म्हणाले, खेळ यायच्या कितीतरी आधी ते घुमायला लागतं. मग त्यांनी माझा हात शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवायला लावला, चाकापासून बोटं लांब ठेवायला सांगितली आणि चाक हातानं फिरवलं. जात्यात दाणे न टाकता नुसतं जातं ओढावं, तशी बारीक खरखर तळव्याला लागली. कानाला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं, हाताला मात्र स्पष्ट. मग उजव्या स्प्रिंगवर हात ठेवला. तिथं चाक मुकाट फिरत होतं. मला वाटतं, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं हा फरक एकदा हातानं अनुभवायला हवा, कारण त्यानंतर समोरचा काय सांगतोय ते पारखता येतं.

थरथर वेगळीच निघाली. वहीत दुसऱ्या पानावर होतं: फक्त चढाला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर; पाय काढला की बंद; सपाटीला त्याच वेगात नाही; सिग्नलला एसी लावला की थोडी. म्हणजे इंजिनावर ताण आला की. तात्यांनी बॉनेट उघडायला लावलं, मला हँडब्रेक ओढून ब्रेक घट्ट दाबायला सांगितलं, स्वतः बाजूला उभे राहिले. पहिला गिअर टाकून क्लच जरासा सोडायचा, लगेच दाबायचा; मग रिव्हर्सला तसंच. पहिल्या गिअरला इंजिन एका अंगावर उचललं गेलं आणि रिव्हर्सला धप्पकन दुसरीकडं बसलं. इंजिनाला बॉडीशी धरून ठेवणाऱ्या खालच्या माउंटिंगचं रबर फाटून लोखंडापासून सुटलं होतं. इंजिनाचे जे हादरे रबरानं गिळायचे, ते सरळ बॉडीत येत होते.

माउंटिंग अर्ध्या तासात बदललं. बेअरिंगला वेळ लागला, कारण ते प्रेस मशीनवर बसवावं लागतं. तात्यांनी मला जवळ उभं करून दाखवलं की नकलमध्ये (बेअरिंग ज्यात बसतं त्या लोखंडी भागात) नवं बेअरिंग दाबताना जोर बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर दिला तर दाब गोळ्यांवर येतो, त्यांच्या वाटेत बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग महिन्याभरात पुन्हा गातं. हातोड्यानं ठोकून बसवलेल्यांचंही तेच होतं. एक्सलचा नट त्यांनी नवा वापरला आणि टॉर्कच्या पान्यानं आवळला.

काढलेलं बेअरिंग मी मागून घेतलं. एका बाजूचं सील उचकटलेलं होतं, आतलं ग्रीस चहाच्या गाळासारखं तांबूस झालेलं. पाणी शिरलं होतं. पावसाळ्यात शाळेच्या अलीकडच्या सखल भागात साचलेल्या पाण्यातून मी किती वेळा गाडी घातली, ते आठवलं. आता तिथं पाणी दिसलं की मी लांबच्या रस्त्यानं जाते.

त्याच संध्याकाळी आईला घेऊन समर्थ मंदिराकडून यवतेश्वरला चढले. काचा बंद, एसी चालू, दुसरा गिअर. दांड्यावर हात ठेवला होता, तो स्थिर राहिला. उतरताना स्पीडब्रेकरवर डावीकडून एक बारीक कट्ट ऐकू आलं. आईनं विचारलं, "आता हे काय?" बहुधा लिंक रॉड, सस्पेन्शनमधली एक छोटी दांडी. वही तिच्या मांडीवर होती. मी तिला लिहायला सांगितलं: फक्त स्पीडब्रेकरला, हळू वेगात, डावीकडून, सगळ्या काचा बंद असताना.