वात लागली न्हाई काय?

शनिवार, रात्री पावणेबारा. ऑर्लँडो.

चिऊ कपडेही न बदलता झोपलीय. आप्पा बाल्कनीत फोनवर आहेत. माझ्या पायांचे तुकडे पडलेत, पण आजचं आजच लिहून ठेवतो.

दिवसभर थीम पार्क. रांगा, ऊन, दुपारी साडेतीनला फ्लोरिडाची ठरलेली धो धो सर, परत ऊन. ते राहू दे. लक्षात राहणार ती रात्रीची आतषबाजी, जी अर्धीच झाली.

शो नऊचा. आप्पांनी पावणेआठलाच खांद्यावरचा टॉवेल अंथरून जागा धरली, एसटीत धरतात तशी. बाजूचं अमेरिकन कुटुंब टॉवेलाचा मान राखून चार बोटं लांब बसलं. नऊ वाजले. काही नाही. मग घोषणा झाली, तांत्रिक अडचणीमुळे थोडा उशीर होईल म्हणून. चिऊनं विचारलं, "थोडा म्हणजे किती?" आप्पा म्हणाले, "वात लागली न्हाई काय?" मी म्हटलं, "आप्पा, इथं वात नसते, कॉम्प्युटर असतो." या वाक्याचा मला नंतर पश्चात्ताप झाला.

नऊ वीसला सुरू झाला. चार मिनिटं झकास. आणि मग आमच्या डोक्यावरच्या खांबावरचा स्पीकर खर्र करून गप्प. त्याच्या पलीकडचाही गप्प. संगीत गेलं, पण आभाळात फुलं उमलतच होती. आधी सगळ्यांना वाटलं, हा शोचाच भाग असेल. काहीजणांनी तर टाळ्याही वाजवल्या.

त्या शांततेत जे ऐकू आलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं. संगीत असलं की सगळं एकदम घडल्यासारखं वाटतं. ते गेलं आणि क्रम उघडा पडला. झाडांमागून एक बारकी ठिणगी वर निघायची, मग दबका "थप". तीन-चार सेकंद काही नाही. मग उजेड. आणि उजेड विझत आला की छातीवर येणारा "धडाम". चिऊ प्रत्येक उजेडानंतर मोजायला लागली, "एक..." आणि एकलाच आवाज यायचा. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे तो गोळा आमच्यापासून एवढ्याच अंतरावर फुटत होता. शाळेत हे कितीदा पाठ केलंय, पण कळलं ते टॉवेलावर बसून.

आप्पा एकदम ताठ बसले. "आत्ता कसं दारूकाम वाटाय लागलं!"

त्यांचं आजोळ तासगाव तालुक्यातलं कवठे एकंद. दसऱ्याच्या रात्री तिथं सिद्धराजाची पालखी निघते आणि गावातली मंडळं स्वतः बनवलेली शोभेची दारू रात्रभर उडवतात. आप्पा लहानपणी औट नावाची दारू पेटवणाऱ्या मामांच्या मागं धोतराचा सोगा धरून उभे असायचे. संगीत-बिंगीत काही नाही. हाताने पेटवायचं आणि पळायचं. आज त्या पार्कात तीन तास कंटाळलेला माणूस त्या "थप"वर खुलला.

एवढ्यात ते "थप"ही थांबलं. नुसता धूर, आणि त्यात कुठंतरी हिरवा झोत लावलेला राहून गेलेला. पाचेक मिनिटांनी घोषणा: शो थांबवत आहोत, क्षमस्व. लोकांनी हुर्यो उडवली. मागच्या एकानं तिकिटाच्या पैशांचा हिशोब मोठ्यानं मांडला. त्याचंही चूक नाही म्हणा, एवढे पैसे मोजलेत.

पण मी मनातून थांबवणाऱ्याच्या बाजूनं होतो. कारखान्यात कंट्रोल सिस्टिम सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे हे माझे तर्क. असल्या शोमध्ये गाणं, दिवे आणि दारू एकाच टाइमकोडवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक घड्याळावर चालतात. सहा इंची गोळा सहाशे फुटांच्या आसपास जाऊन फुटतो, त्याला काही सेकंद लागतात, म्हणून गाण्याच्या ठेक्याआधी तेवढे सेकंद त्याला करंट द्यावा लागतो. आधी फक्त स्पीकर गेले असावेत, टाइमकोड शाबूत होता, म्हणून गोळे वेळेवर सुटत राहिले. मग काहीतरी दुसरं बिघडलं, किंवा कुणीतरी बटण दाबलं. घड्याळावरच भरवसा उरला नसेल तर दारू उडवत राहणं हा शुद्ध वेडेपणा.

आणि यंत्र चालूच राहिलं तर काय होतं ते सॅन डिएगोनं २०१२ च्या ४ जुलैला पाहिलंय. सतरा-अठरा मिनिटांचा कार्यक्रम, बंदरात तराफ्यांवर लावलेले सुमारे ७,००० बार, आणि ते सगळे अर्ध्या मिनिटाच्या आत एकदम उडाले. मूळ फाइल आणि बॅकअप यांची सरमिसळ झाली होती. बॅकअपमुळे! कामावर कुणी "बॅकअप आहे ना, मग झालं" म्हणालं की मला तो व्हिडिओ आठवतो. सुदैवानं तिथं कुणाला इजा झाली नाही.

बाहेर पडताना गर्दीत आप्पांनी विचारलं, "आरं, पण न उडालेली दारू नळ्यांतच ऱ्हायली असंल की. ती कोण काढणार?"

मला हे सुचलंच नव्हतं. खरंच, हजारो माणसं पार्किंगच्या ट्रॅमकडे ढकलाढकली करत असताना झाडांमागं कुणीतरी थांबून राहिलं असणार. लगेच जवळ जाता येत नाही, वाट बघायची, मग एकेक वायर सोडवायची, एकेक भरलेला गोळा नळीतून उचलायचा. या दमट हवेत, अंगात जाड सुती कपडे, डोक्यावर हेल्मेट. आता पावणेबारा झालेत, अजून तिथंच असतील कदाचित.

बाल्कनीतून आप्पांचा आवाज येतोय. तिकडे सांगलीत रविवारची सकाळ, सव्वानऊ. धाकट्या काकांना सांगतायत, "अर्धाच झाला रं. पण मधीच गाणं बंद पडलं न्हवं का, तवा लई ग्वाड वाटलं. आपल्यासारखं."