स्पीड तर येतंय की! सोलापुरात स्ट्रीट फायटर शिकण्याचा माझा अनुभव

स्ट्रीट फायटर सिक्स, म्हणजे एकास एक मारामारीचा व्हिडिओ गेम, शिकायला घेतला तेव्हा सगळ्यांनी सांगितलेलं, बोटं दुखतील, डोकं फिरेल, सुरुवातीला नुसता मार खाशील. ते सगळं झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला छळलं ते आमच्या ब्रॉडबँडच्या ऑफिसनं, आणि तो राग अजून उतरला नाही म्हणून हे लिहितोय. फक्त गेमचं वाचायचं असेल तर मधला भाग सोडला तरी चालेल, पण सोलापुरात राहत असाल तर सोडू नका.

गेम २०२३ च्या जूनमध्ये आला, मी सेल लागल्यावर घेतला. खेळायचा पॅड, म्हणजे हातात धरायचा बटणांचा कंट्रोलर, घरात होताच. कॅरेक्टर निवडताना मात्र उगाच चर्चा झाली, कारण त्यात धालसिम आहे, आपल्याकडचा योगी, १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू पासून आहे, आणि आमचे काका मागनं, "आपला माणूस घे की बे!" घेऊ नका. त्याचे हात लांब होतात हे बघायला भारी आहे पण तो सगळा अंतराचा खेळ आहे, नवख्याला नाही झेपत. र्‍यू घ्या, ल्यूक घ्या, आणि एकच धरून बसा. बटणांची मॉडर्न कंट्रोल नावाची सोपी पद्धत आहे, तिला कुणी हसलं तर हसू दे, एका बटणावर स्पेशल मूव्ह निघते, डॅमेज थोडा कमी पडतो एवढंच. मी क्लासिकवर, म्हणजे दिशा आणि बटणं सगळी आपणच दाबायच्या पद्धतीवर, शिकलो कारण मला ते शोर्युकेन हातानंच काढायचं होतं, हौस दुसरं काय.

शोर्युकेन म्हणजे वर उडत मारायचा ठोसा, तो काढायला पुढे, मग खाली, मग खाली-पुढे तिरकं, आणि पंच. वाचायला सोपं आहे. समोरचा उडी मारून अंगावर येतोय, डोळ्यांनी बघायचं, ओळखायचं आणि तो खाली यायच्या आत हे सगळं अंगठ्यानं करायचं. गेम सेकंदाला ६० फ्रेमनं, म्हणजे ६० चित्रांनी, चालतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा एक दणका आहे त्याला २६ फ्रेम लागतात, म्हणजे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी, आणि तेवढ्यात तुम्ही उलटा ड्राइव्ह इम्पॅक्ट मारायचा असतो. ट्रेनिंग मोडमध्ये समोर सरावाचा डमी असतो, त्याला काय करायचं ते रेकॉर्ड करून देता येतं, मी त्याला कधी उडी, कधी चालत पुढं, कधी नुसतं उभं असं आलटून पालटून लावून ठेवायचो आणि रात्री जेवण झाल्यावर तेच करत बसायचो. अंगठ्याला घट्टा पडला. बायको म्हणाली, एवढी पोळ्या लाटायची प्रॅक्टिस केली असती तर. पण जमायला लागलं. डमी उडाला की हात आपोआप चालायचा, आणि तो आवाज आला की काय बरं वाटायचं, सांगता येत नाही.

मग ऑनलाइन गेलो आणि एकही निघेना.

समोरचा जमिनीवर दिसायचा आणि पुढच्या क्षणी माझ्या डोक्यावर. मधली उडीच गायब. आता हे समजून घ्या कारण पुढचा सगळा तमाशा यावरच आहे. ह्या गेममध्ये रोलबॅक आहे, म्हणजे समोरच्यानं दाबलेलं बटण तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, तोवर गेम अंदाजानं पुढं चालत राहतो आणि अंदाज चुकला की मागं जाऊन दुरुस्त करून दाखवतो. टोनी कॅनन नावाच्या माणसानं जीजीपीओ म्हणून हे फायटिंग गेमसाठी बनवलं, फार छान गोष्ट आहे. पिंग, म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, ६०-७० असला तरी चालतं, फक्त तो स्थिर पाहिजे. माझा ३० वरून २०० आणि परत ३०. कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग चालू ठेवला तर चार ओळी नीट आणि मग रिक्वेस्ट टाइम्ड आऊट, म्हणजे उत्तरच नाही, परत थोड्या नीट, परत टाइम्ड आऊट. लॅन केबल लावलेली होती, म्हणजे वायफायचा प्रश्नच नाही. (वायफायवर असाल तर मॅचच्या आधी समोरच्याला तसं चिन्ह दिसतं आणि बरेच लोक नकार देतात, तेव्हा केबल घ्याच.)

ह्या खेळाचं मला वेड लागलं ते एकाच गोष्टीनं, इथं टीम नसते. क्रिकेटमध्ये कॅच सोडणारा कुणीतरी असतो, इथं हरलात तर तुम्हीच हरलात, आणि रिप्ले लावून बघितला तर कुठं हरलात तेही दिसतं. लाइन खराब असली की नेमकं तेच हातातनं जातं. हा मार माझ्या चुकीनं खाल्ला का नेटमुळं हेच कळणार नसेल तर शिकायचं काय बे?

तर ऑफिस. एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, एप्रिलातली सोलापूरची दुपार, ४२ डिग्री, एसी आतल्या केबिनमध्ये आणि आपण बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर. काउंटरवरच्या पोराला पिंगचे फोटो दाखवले. त्यानं माझाच मोबाईल घेतला, स्पीड टेस्ट लावली, काटा ९४ ला गेला. "सर, स्पीड तर येतंय की." मी म्हटलं स्पीडची तक्रारच नाही, पॅकेट लॉस आहे, डेटाचे तुकडे वाटेत हरवतायत. "सर, शंभरचा प्लॅन हाय, चौऱ्याण्णव येतंय." परत समजावलं की स्पीड टेस्टमध्ये हरवलेलं पॅकेट परत मागवून घेतात म्हणून काटा छान दिसतो, गेमला परत मागवायला वेळच नसतो. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "दोनशेचा प्लॅन घ्या मग."

तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. कुणी आलं नव्हतं, फोन नव्हता. परत नोंदवली, परत सोडवली. कस्टमर केअरला फोन केला तर राउटर बंद करून चालू करा. केला. दहा मिनिटं बंद ठेवा. ठेवला. मग एका मॅडमनं विचारलं की नक्की काय करताना अडचण येते, मी खरं ते सांगितलं, गेम. त्यानंतर त्यांचा सूरच बदलला. गेमची गॅरंटी कंपनी देत नाही सर. अहो गेमची नका देऊ, पैसे ज्याचे घेता त्या लाइनची द्या की!

शेवटी राउटरच्या सेटिंगच्या पानात शोधत बसलो. तिथं ऑप्टिकल म्हणून एक भाग असतो, त्यात आरएक्स पॉवर, म्हणजे फायबरमधनं तुमच्यापर्यंत उजेड किती पोचतोय ते. माझा -२८ आणि -२९ च्या मध्ये हलत होता. आकडा शून्याकडे जितका जवळ तितका उजेड जास्त, साधारण -२५ पर्यंत असेल तर निवांत, -२८ ला राउटर अगदी काठावर असतो. म्हणजे लाइन मरत नव्हती आणि नीट जगतही नव्हती. हा आकडा काउंटरवर दाखवला तर तो म्हणाला हे टेक्निकल टीम बघते, टीम कुठं आहे विचारलं तर फील्डवर.

टीम खाली चहाच्या गाड्यावर होती. कंपनीचा टी-शर्ट घातलेले एक अण्णा, खांद्याला बॅग. फोटो दाखवला. त्यांनी कप खाली ठेवला. "उणे अठ्ठावीस? कसं चालंल ओ हे? संध्याकाळी येतो." आणि खरंच आले!

पेनासारखी एक लाल लेझरची टॉर्च असते, ती त्यांनी वायरच्या टोकाला लावली आणि खोलीतला दिवा बंद करायला सांगितला. खिडकीच्या लोखंडी जाळीवर, जिथं कनेक्शन देताना वायर काटकोनात वळवून वर क्लिप ठोकली होती, तिथं पांढऱ्या वायरमधनं लाल उजेड बाहेर सांडत होता. फायबर असा दुमडला की उजेड वळणावर गळतो, तुटलेला नसतो म्हणून राउटरचा लाल दिवाही लागत नाही. त्यांनी तेवढा तुकडा कापून टाकला, वरचं साल सोललं, केसासारखी काच स्पिरिटनं पुसली, कटरवर टक् करून तोडली, नवीन कनेक्टर बसवला आणि वायर मोठा गोल वळसा देऊन आत घेतली. मीटरवर -२०. चहा पिऊन गेले. जेवढा वेळ मी प्लास्टिकच्या खुर्चीवर घालवला त्याच्या तुलनेत हे काहीच नव्हतं.

त्या रात्री समोरच्याचा ब्लांका, हे गेममधलं एक कॅरेक्टर, उडून आला आणि माझा र्‍यू वर गेला. मी ओरडलो तर आई उठून बाहेर आली. मॅच हरलोच, त्यानं मला कोपऱ्यात घेऊन थ्रोवर थ्रो मारले, म्हणजे धरून आपटलं, पण रिप्लेत सगळं दिसलं, मी थ्रो सोडवायचं बटण दाबतच नव्हतो. आता गेमच्या क्रमवारीत गोल्डला आहे आणि थ्रोनंच मरतोय, पण निदान कशानं मरतोय ते कळतंय.

वयाचं कुणी बोललं तर सांगा, हांगझोच्या आशियाई खेळात स्ट्रीट फायटर फाइव्हचं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूनं ४४ व्या वर्षी घेतलं. आणि जमलं तर शेजारी बसून खेळणारा एक तरी माणूस शोधा, तिथं नेटची लाइनच लागत नाही. लाहोरच्या अर्सलान ऐशनं २०१९ मध्ये टेकन सेव्हन ह्या दुसऱ्या फायटिंग गेममध्ये जपान आणि अमेरिका दोन्हीकडची ईव्हो ही मोठी स्पर्धा मारली, तिथली पोरं एकमेकांसमोर बसूनच तयार झालीत. मी मावसभावाला पकडलाय, तो नुसती बटणं बडवतो आणि कधी कधी जिंकतोही, फार राग येतो.

लाइट जाते म्हणून राउटरला मिनी यूपीएस घ्या, पण आधी ॲडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा. आरएक्स पॉवर कनेक्शन घेतल्या दिवशीच बघून फोटो काढून ठेवा. आणि तक्रार करताना गेमचं नाव काढू नका, वर्क फ्रॉम होम आहे, मीटिंग तुटतीय म्हणा. मावसभावानं तसं सांगितलं तर त्याच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस हजर.