ऑक्टोबरातला वाढदिवस आणि दुपारचे ढग

बुधवार, रात्री

रविवारी सोसायटीच्या हिरवळीवर वाढदिवस. मुलं वीस, सहा ते नऊ वर्षांची. सोबत पंधराएक मोठी माणसं. गाव पुणे, महिना ऑक्टोबर. परतीच्या पावसाचा एक स्वभाव ठरलेला आहे. सकाळ लख्ख, दुपारी उन्हाचा चटका, अडीच-तीनला ढगांचे ढीग चढायला लागतात आणि चार ते सातच्या दरम्यान गडगडाट करत सर कोसळते. तरी वाढदिवस संध्याकाळी पाचलाच ठेवायची आपली सवय सुटत नाही, म्हणजे नेमका पावसाचा मुहूर्त! तारीख हलवून फारसं साधत नाही, वेळ हलवावी. साडेआठ ते अकरा. त्यापुढे ऊन मुलांना दमवतं, म्हणून अकरा म्हणजे अकराच. रविवारी सकाळी यायला पालक कुरकुरतात, पण नाश्ता तिथेच आहे म्हटलं की येतात.

क्लब हाऊसही त्याच वेळेसाठी आजच राखून ठेवायचं. सगळी आखणी आतल्या जागेत मावेल अशी करायची आणि ती बाहेर मांडायची. उलट केलं, तर ऐन वेळी वीस मुलं, केक आणि खुर्च्या एका दारातून आत घुसतात.

गुरुवार

ताडपत्रीचा हिशेब. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. १८ बाय २४ फुटांची ताडपत्री साधारण ४० चौरस मीटर भरते. १० मिलिमीटरची सर आली आणि पाणी वरच साचलं, तर ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो मुलांच्या डोक्यावर. सपाट बांधलेली ताडपत्री म्हणूनच बसते: मध्ये जरा झोळ पडला की पाणी तिकडे धावतं, वजनाने झोळ वाढतो, आणखी पाणी येतं. उतार हवाच. १८ फुटांच्या रुंदीत एका बाजूची उंची १० फूट, दुसऱ्या बाजूची ७. सखल बाजू खाण्याच्या टेबलाकडे नको, खेळाच्या जागेकडेही नको.

पण पावसापेक्षा वारा वाईट. गडगडाटी ढगाच्या पुढे आधी वाऱ्याचा झोत येतो आणि ताडपत्रीचं शीड होतं. वाळूच्या बादलीत बांबू रोवायची पद्धत इथे कामाची नाही. भरलेली बादली पंचवीस-तीस किलोची, झोताला ती पुरत नाही. बांबू दीड फूट जमिनीत हवा आणि ताणाच्या दोऱ्या मेखांना बांधलेल्या. कडी आणि दोरी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घालावी. ती ताणली जाते, त्यामुळे कडी फाटून निघत नाही. वारा भडकलाच, तर आधी मुलं आत न्यायची. ताडपत्री धरून ठेवायच्या फंदात कुणी पडू नये.

शुक्रवार

खाणं. दमट हवेत उघडे वेफर्स बघता बघता मऊ होतात, तेव्हा ते नकोतच. इडली आणि ढोकळ्याला हवेचं काही पडलेलं नसतं. भेळेसाठी पस्तीस जणांना चुरमुरे दीड किलो, बारीक शेव पाऊण किलो, उकडलेले बटाटे दीड किलो, चिंचगुळाची चटणी लिटरभर. चुरमुरे कढईत कोरडे परतून, पूर्ण गार करून मगच हवाबंद डब्यात. गरम भरले तर आतल्या वाफेनेच सादळतात. एका वेळी आठ-दहा वाट्यांचीच भेळ कालवायची. केक दोन किलोचा, क्रीमचा असेल तर कापायच्या आधी दहा मिनिटं बाहेर आणायचा. पाण्याचे २० लिटरचे दोन जार.

फुगे पाऊण भरावेत. पहाटे गार हवेत गच्च भरलेला फुगा उन्हात आतली हवा पसरून फुटतो, गडद रंगाचे आधी. फुटक्यांचे तुकडे लगेच वेचायचे. पाहुण्यांसोबत रांगणारं एखादं मूल असतंच आणि ते तोंडात घालतं.

खजिना शोधायच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहायच्या. जेल पेनची शाई दवानेसुद्धा पसरते.

शनिवार, रात्री

हवामान खात्याने जिल्ह्याला पिवळा रंग दिलाय. त्याचा अर्थ सावध राहा एवढाच. धो धो पावसाचं मुळशी आणि कोरडं इंदापूर एकाच जिल्ह्यात येतात, तेव्हा रंग बघून कार्यक्रम रद्द करण्यात शहाणपणा नाही. उपयोगाचा असतो तो पुढच्या तीन तासांचा ताजा इशारा, आणि विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप; ते पुण्यातल्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं आहे.

विजेच्या बाबतीत चर्चा नको. चमक दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर सगळे पक्क्या इमारतीत. ताडपत्रीखाली नाही, झाडाखाली तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. स्पीकर बॅटरीवर चालणारा घ्यावा, म्हणजे ओल्या गवतावरून वायर ओढायला नको.

पालकांना निरोप: एक जादा कपड्यांचा जोड, पूर्ण बाह्या, पायात पकड असलेले सँडल. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

रविवार, पावणेसात

आभाळ मोकळं आहे. ‘हिरवळीवरच’ असा निरोप गेला. गवत दवाने निसरडं आहे, तेव्हा पोत्यांची शर्यत बाद. लिंबू-चमचा नऊनंतर, ऊन गवतापर्यंत पोचल्यावर.