मौतीचे पैसे कुठे ठेवावेत?

आपल्या मयतीच्या खर्चाचे पैसे म्हाताऱ्यांनी कुठे ठेवावेत, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी गावातली बँक सखी, म्हणजे बचत गटातून पुढे आलेली आणि अंगठ्याच्या मशीनवर लोकांचे पैसे काढून देणारी बाई. श्रावणबाळचे दीड हजार घ्यायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "बाई, माह्या मौतीचे पैसे आतापासून बाजूले ठेवू, का इमा काढू?" आता त्यांची मुलंही विचारायला लागलीत, कारण साठी ओलांडलेल्यांनाही "शेवटच्या खर्चाची" पॉलिसी दाखवून जाणारे एजंट गावात फिरतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे. म्हाताऱ्या माणसानं पैसे बाजूला ठेवावेत. विमा काढायचाच तर घरातल्या कमावत्याचा काढावा.

मयतीचा खर्च एकदम येत नाही. पहिल्या दिवशी लागतं ते कोरं कापड, मडकं, बांबू, सुतळी, गुलाल, तूप आणि लाकूड. लाकूड तीनेक क्विंटल तरी हवं, पावसाळ्यात ओलं निघालं की त्याहून जास्त आणि वर डिझेल. पण यातलं निम्मं गावच उभं करतं. बाभूळ कोणाच्या तरी धुऱ्यावरची येते, बांबू शेजारी तोडून आणतो, आरा मशीनवाला त्या दिवशी पैशाचं नाव काढत नाही. महानुभाव घरांत तर मूठमाती देतात, तिथे लाकडाचा प्रश्नच नाही. घर बुडतं ते पुढच्या बारा दिवसांत. पाहुण्यांचा राबता, गंगापूजन, लेकी-जावयांचे दुखवट्याचे कपडे, आणि तेरवीला अख्ख्या गावाचं जेवण. शेजारच्या बौद्ध वस्तीत पुण्यानुमोदन साधेपणानं होतं आणि त्या घराची पत काही कमी होत नाही, हे आम्ही सगळे बघतो. तरी आमच्याकडे तेरवी मोठीच होते.

आता विम्याचे पैसे कधी येतात ते बघा. आधी ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद, त्याला 21 दिवसांची मुदत. मग दाखला, मग वारसाचं आधार, पासबुक, दाव्याचा फॉर्म, मग बँकेतून तो कंपनीकडे. तोवर तेरवी होऊन मंडपवाला पैसे मागायला आलेला असतो. विम्याच्या पैशानं सरण रचलं जात नाही, झालंच तर मागचं कर्ज फिटतं.

आणि म्हाताऱ्याला स्वस्त विमा मिळतच नाही. सरकारी जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण आहे, पण आत यायचं वय 18 ते 50, आणि पंचावन्नाव्या वर्षी ते संपतं. सुरक्षा विमा 20 रुपयांत, सत्तरीपर्यंत चालतो, पण तो फक्त अपघाताचा. त्यात साप चावणंही येतं. मात्र दवाखान्यात न नेता, पोलीस पाटलाला न कळवता माणसाला थेट घाटावर नेलं, की दाव्याला कागदच उरत नाहीत. साठीनंतरच्या खासगी पॉलिसीत एक ओळ असते, ती एजंट वाचून दाखवत नाही: सुरुवातीच्या ठरावीक काळात आजारानं मृत्यू झाला तर पूर्ण रक्कम नाही, भरलेले हप्तेच परत. त्या काळानंतर म्हातारी आणखी दहा-बारा वर्षं जगली (आणि देव करो जगो), तर हप्त्यांची बेरीज मिळणाऱ्या रकमेच्या पुढे जाऊ शकते. एजंटला एवढंच विचारा: "मी पंच्याऐंशीपर्यंत जगले तर एकूण किती भरीन?"

कमावत्याची गोष्ट वेगळी. चाळिशीचा गडी गेला तर खर्च फक्त मयतीचा नसतो, पेरणीचा असतो, पोरांच्या शाळेचा असतो, सोसायटीच्या कर्जाचा असतो. तिथे 2 लाख उशिरा आले तरी कामाचे. पण हा जीवनज्योतीचा हप्ता मेच्या शेवटी खात्यातून कापला जातो आणि आमच्याकडे मे म्हणजे हात रिकामा. कापूस विकून महिने झालेले, जे होतं ते बियाणं-खतात गेलेलं. खात्यात 436 नसले की विमा बंद पडतो आणि घरात कोणाला पत्ता नसतो. पुन्हा सुरू केला की पहिले 30 दिवस अपघात सोडून बाकी मृत्यूला संरक्षण नाही. म्हणून मी मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून बायांच्या मागे लागते. त्या मला टाळतात.

आता बाजूला ठेवण्याचं. एका म्हातारीनं मला तिची पेटी उघडून दाखवली होती: नवं लुगडं, गंगाजलाची बाटली, आणि रुमालात बांधलेली चांदीची पाटली, "लेकाले सांगून ठेवलं, मी गेली का हे मोडजो." आमच्याकडची मयतीची आगाऊ भरणा योजना हीच. पाटली ठीक आहे, ती केव्हाही मोडता येते. नोटा मात्र पेटीत ठेवू नका. 2016 च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या किती जुन्या नोटा लुगड्यांच्या घड्यांतून निघाल्या, ते विसरण्यासारखं नाही.

अंत्यविधीचे पैसे आधीच एखाद्या कंपनीकडे भरून ठेवायची पद्धत परदेशात जुनी आहे. तिथेही ती बुडते. ब्रिटनमध्ये सेफ हँड्स नावाची कंपनी 2022 च्या मार्चमध्ये कोसळली, सुमारे 46,000 लोकांनी तिच्याकडे आपल्या अंत्यविधीचे पैसे भरलेले होते. आपल्याकडे अशी कंपनी नसली तरी पतसंस्था आहेत, आणि जास्त व्याज बघून म्हातारे तिथेच जातात. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो.

आणि बँकेत नुसते पैसे असून भागत नाही. एका घरी म्हातारी गेली, खात्यात अकरा हजार होते. मुलगा धावत माझ्याकडे आला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, मशीन घरी आणता येईन का? अजून नेलं नाही तिले." मला आधी कळलंच नाही तो काय विचारतोय ते. नाही म्हटलं. खातेदार गेला की त्याच्या अंगठ्यानं पैसे काढणं गुन्हा आहे. वारसदार म्हणून त्याला ते मिळालेच, पण दाखला आणि फॉर्म झाल्यावर. त्या दिवशी त्यानं सावकाराचे घेतले.

म्हणून मी लोकांना पोस्टात पाठवते. दोघांच्या नावानं बचत खातं उघडायचं, 500 रुपयांत उघडतं. फॉर्मवर संयुक्त खात्याचे दोन प्रकार असतात, त्यातला "बी" निवडायचा. त्यात दोघांपैकी कोणीही एकटा पैसे काढू शकतो, आणि एक गेला तरी दुसऱ्याचा हक्क राहतो. "ए" प्रकारात दोघांच्याही सह्या लागतात, तो म्हातारपणी त्रासाचा. सलग तीन वर्षं काहीच व्यवहार नसला तर खातं झोपतं, म्हणून दिवाळीला शंभर रुपये तरी भरत जा. पहिल्या दिवसापुरतं आणि वर थोडं एवढंच त्यात ठेवा. सगळी पुंजी घालू नका, कारण दुसऱ्यालाही ती आजच काढता येते.

दुसरं नाव कोणाचं घालायचं, यावर घरात भांडणं होतात. माझं मत विचाराल तर सून किंवा गावातली लेक. मुलगा त्या दिवशी खांदा देण्यात असतो, त्याला पोस्टाच्या रांगेत उभं राहता येत नाही.

तेरवीसाठी किती ठेवू, हेही विचारतात. ते मी सांगत नाही. जेवण किती पंगतींचं करायचं ते म्हाताऱ्यानंच जिवंतपणी, चार लोकांसमोर, मुलाला सांगून टाकावं. मागून तो जेवण लहान करायला गेला तर भाऊबंद त्याला करू देत नाहीत.