जाळ्याचा आस किती मिलिमीटर?

हिवाळ्यात मासा किती वाजता चरतो हे मला आधीपासून माहीत होतं. गळाने मासे धरायच्या पासासाठी ज्यांची सही लागते ते साहेब किती वाजता टेबलावर सापडतात हे यंदा कळलं. दोघांची वेळ एकच निघाली, सकाळी अकरा ते दुपारी तीन. सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

मी जळगावचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. रब्बीचं पाणी सुरू झालं की मोटारी धडाधड जळायला लागतात, त्यामुळे हिवाळा माझ्या धंद्याचा. तरी आठवड्यातून एक दिवस शटर उघडत नाही. गळ, डबा, कळण्याची भाकरी, ठेचा आणि गाडी धरणाच्या रस्त्याला. कोणतं धरण ते लिहीत नाही, कारण मला पुन्हा तिथेच बसायचंय. हतनूर नाही एवढं सांगतो. हतनूरला मी थंडीत जातो ते 41 दरवाजांच्या त्या लांबलचक भिंतीमागे उतरलेले चक्रवाक आणि पट्टकादंब हे पक्षी बघायला, तेही गळ घरी ठेवून.

नोव्हेंबरात पहिल्यांदाच इथे बसलो होतो. तासाभराने मागून आवाज आला, "काय भाऊ, पास आहे का?" मच्छीमार संस्थेचा राखणदार. मी म्हटलं, एका गळाला कसला पास? त्याने शांतपणे समजावलं : तलाव संस्थेने ठेक्याने घेतलाय, पैसे भरलेत, पावसाळ्यात बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) विकत आणून सोडलीय, ती वाढवलीय. "तुमच्या दुकानातली तार कोणी उचलून नेली तर?" म्हणाला. याला उत्तर नव्हतं. मी दोर गुंडाळला.

संस्थेत गेलो तर सचिव म्हणाले, आम्ही पास देऊ, पण गळवाल्याचा आमच्याकडे नमुना नाही, वरून पत्र आणा. वरच्या कार्यालयाने सांगितलं, काठाची जागा धरणवाल्यांची आहे, आधी त्यांचं नाहरकत. धरणवाल्यांचं काम उलट एका दिवसात झालं. भिंतीवर, सांडव्यावर आणि दरवाजांजवळ बसायचं नाही असं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. (ते बरोबरच आहे. भिंतीवरून गळ टाकणारे मी पाहिलेत, एक दिवस कोणीतरी गळासकट खाली जाणार.)

आता त्या वरच्या कार्यालयाबद्दल. अर्ज छापील होता. नाव, पत्ता, आधार, दोन फोटो, इथपर्यंत ठीक. पुढे : मासेमारीचे साधन, जाळे की होडी. जाळ्याचा प्रकार. जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं माप, मिलिमीटरमध्ये. मी 'साधन' पुढे 'गळ' लिहिलं, बाकी रकाने सोडले. टेबलावरच्या बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं.

"आस लिहा."

"जाळं नाहीये साहेब, गळ आहे."

"रकाना रिकामा चालत नाही."

मी 'लागू नाही' लिहिलं. ठेवून घेतलं, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. पुढच्या आठवड्यात साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेब होते, पण अर्ज परत आला, लाल शाईत शेरा : 'अपूर्ण. आस नमूद करावा.' मी साहेबांकडे आत जाऊ का विचारलं, तर बाबू म्हणाले, मीटिंग चाललीय. दार उघडं होतं आणि आत साहेब एकटेच पेरू खात होते.

त्यांचीही बाजू मला नंतर समजली, ती सांगितली पाहिजे. आस विचारतात कारण बारीक आसाच्या जाळ्यात लहान मासा मरतो आणि तलाव दोन वर्षांत रिकामा होतो. नियम चांगलाच आहे. पण गळ पाण्यात एका वेळी एका तोंडाशी बोलतो हो! त्याला मिलिमीटर कुठून आणू? चिडून मी चौथ्या फेरीला माझा 10 नंबरचा गळच आगपेटीत घालून नेला आणि टेबलावर ठेवला. बाबूंनी तो उचलून पाहिला, बोटाला टोचून घेतला आणि आगपेटी बाजूला सरकवली. माझं काम त्या दिवशीही झालं नाही.

या सगळ्या फेऱ्या अकरा ते तीनमधल्या. डिसेंबर आला, पारा 10 च्या खाली गेला, केळीवाले रात्री बागेच्या बांधावर धूर करायला लागले, आणि मी बाकड्यावर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होतो. रोहू-कटला उष्ण पाण्याचे मासे. पाणी गार झालं की त्यांची भूक मरते, तळाशी जाऊन सुस्त पडतात. पहाटे पाचला गळ टाकून कुडकुडत बसणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण हाताला काही लागत नाही. ऊन वर येऊन काठाचं उथळ पाणी थोडं तापलं की मासा तिकडे सरकतो, तेवढेच दोन-चार तास. नेमके तेच तास मी 'आस' या दोन अक्षरांवर घालवत होतो.

एक राहिलंच. काठ निवडताना उत्तरेचा निवडा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, तो काठ दिवसभर उन्हात असतो आणि पाठीमागे उंचवटा असला तर उत्तरेचं वारंही लागत नाही. आवर्तन, म्हणजे कालव्याला शेतीचं पाणी, सुटलं असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका. पाणी एकसारखं खाली उतरतं, मासा काठ सोडतो आणि उघड्या पडलेल्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

आणि आमिष लहान. पावसाळ्यात लिंबाएवढा गोळा चालतो, थंडीत हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मी कणकेत शेंगदाण्याची पेंड आणि ठेचलेला लसूण मळतो. पातळ दोर लागतो, कारण पाणी नितळ असतं आणि जाड दोर त्याला दिसतो. तरंगायला बाजारचं प्लास्टिक नको. गेल्या वर्षीच्या दादर ज्वारीच्या धांड्यातलं (ताटातलं) भेंड, म्हणजे आतला हलका गाभा, सोलून बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्या. थंडीत मासा ओढून नेत नाही, आमिष ओठात धरून नुसता उभा राहतो. भेंड बुडत नाही, हळूच आडवं पडतं. तेव्हा मनगट उचलायचं. मला हे बारीक तारेच्या कामामुळे जमतं, अशी माझी समजूत आहे. बायकोचं मत वेगळं आहे.

पाचव्या फेरीला बाकड्यावर संस्थेचे एक म्हातारे सभासद भेटले, स्वतःच्या होडीच्या कामाला आलेले. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, "बाबा, रकाना रिकामा नको ना? मग भर की काहीतरी." पेन घेतलं आणि आसापुढे शून्य काढलं. बाबूंनी शून्य पाहिलं, मान डोलावली आणि शिक्का मारला. दोन महिन्यांत कोणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही. त्या आबांना मी खाली नेऊन चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याची जळालेली मोटार फक्त तारेच्या पैशांत भरून दिली.

तुम्हाला असा पास काढायचा असेल तर आधी संस्थेतल्या जुन्या माणसाला गाठा, कार्यालयात नंतर जा. अर्जाच्या दोन झेरॉक्स ठेवा. आणि जायचंच तर साडेदहाला पोहोचा म्हणजे साडेअकरापर्यंत काठावर असाल.

पास हातात पडला तेव्हा जानेवारी अर्धा संपला होता. पहिल्याच दिवशी साडेबाराला भेंड आडवं पडलं, दीड किलोचा सायप्रिनस. हा मासा रोहूपेक्षा थंडी जास्त सोसतो, म्हणून मी थंडीत त्याच्याच आशेवर बसतो. राखणदार आला, मासा तोलला, पावती फाडली, मग पास मागितला. बराच वेळ वाचत राहिला : 'साधन : जाळे (गळ). नग : 1. आस : 0 मिमी.'

"भाऊ," तो म्हणाला, "शून्याच्या आसातून तर पाणीबी नाही निघणार."